कुवेत कोणाचं? एका बंदराच्या सातबाऱ्याची गोष्ट

इराकच्या संघीय सर्वोच्च न्यायालयाने ४ सप्टेंबर २०२३ रोजी एक कायदा रद्द केला. खोर अब्दुल्ला नावाच्या चिंचोळ्या खाडीतून जहाजांची ये-जा कशी चालवायची, याचा करार इराक आणि कुवेतने २०१२ मध्ये केला होता. त्या कराराला मान्यता देणारा तो इराकी कायदा. त्याला संसदेत दोन तृतीयांश मतं मिळाली नव्हती, म्हणून तो घटनेत बसत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कुवेतने तातडीने निषेध नोंदवला.

बातमी वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, की खाडीतल्या जहाजांच्या नियमांवरून दोन देश एवढे हळवे का होतात? १९९० मध्ये सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या, हे आपल्यातल्या अनेकांना आठवतं. तेव्हा 'कुवेत हा मुळात इराकचाच भाग आहे' हे वाक्यही कानावर पडलं होतं. ते खरं होतं का, हे मात्र आपल्याला कुणी नीट सांगितलं नाही.

खोर अब्दुल्लाच्या एका अंगाला बुबियान नावाचं कुवेती बेट आहे. तिथे कुवेत एक मोठं बंदर बांधत आहे आणि त्याचं नाव ठेवलं आहे 'मुबारक अल-कबीर', म्हणजे थोरला मुबारक. या थोरल्या मुबारकने १८९९ मध्ये एका कागदावर सही केली होती. आजच्या भांडणाची मुळं त्या कागदाच्या आसपास आहेत.

आधी जागा पाहू

इराणचं आखात नकाशावर काढा. त्याच्या अगदी वरच्या टोकाला, डाव्या कोपऱ्यात कुवेत आहे. क्षेत्रफळ सुमारे १७,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून किंचित मोठं. गोडं पाणी जवळजवळ नाही, शेती नाही. पण एक गोष्ट आहे: मोठ्या जहाजांना आसरा देणारा खोल उपसागर. शेजारच्या इराकमधल्या बसरा बंदराला नदीतून जावं लागतं आणि नदीच्या मुखाशी गाळ साचतो. कुवेतला तशी अडचण नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे ३५,००० च्या आसपास वस्तीचं, मातीच्या भिंतींचं शहर होतं. माणसं मोती काढत, जहाजं बांधत आणि व्यापार करत. त्यांची शिडाची जहाजं बसऱ्याचा खजूर घेऊन मुंबईला आणि मलबारला येत, परतताना सागवान, तांदूळ, कापड नेत. आखातातला मोती विकला जाई तो मुंबईच्या बाजारात. कुवेतच्या बाजारात रुपया चालत असे आणि तो थेट १९६१ पर्यंत चालला. तेव्हा ही गोष्ट दूरच्या वाळवंटातली असली, तरी तिच्यातला हिशेब आपल्या नाण्यात झालेला आहे.

'कुवेत' या नावाचा अर्थ छोटा कोट, छोटी गढी. 'कूत' म्हणजे गढी, त्याचं लहान रूप कुवेत. हा 'कूत' शब्द लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

'मालकी' म्हणजे नेमकं काय?

जमिनीचा सातबारा ज्याने पाहिला आहे त्याला हे पटकन कळेल. मालकाच्या रकान्यात एक नाव असतं. कुळाच्या रकान्यात दुसरं. 'इतर हक्क' या रकान्यात तिसऱ्याचाच बोजा असतो. प्रत्यक्ष नांगर धरणारा कधी कधी चौथाच निघतो. 'ही जमीन कोणाची?' या प्रश्नाला अशा वेळी एका शब्दात उत्तर देता येत नाही.

देशांचंही तसंच असायचं. इथे तीन शब्द एकदाच समजून घेऊ. ज्याच्या वर कुणी नाही ते राज्य सार्वभौम. जे आपलं घर आपण चालवतं, पण वर कुणाचं तरी नाव मानतं, ते मांडलिक. आणि ज्याचा घरचा कारभार स्वतःकडे, पण परराष्ट्रांशी बोलायचा अधिकार दुसऱ्याकडे, ते संरक्षित राज्य.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. अठराव्या शतकात दिल्लीच्या बादशहाचं नाव कायम होतं आणि सत्ता हळूहळू मराठ्यांच्या हाती आली. १७१९ मध्ये चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा बादशाही शिक्क्यानेच मिळाल्या. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक हे पद मिळवलं तेही शाह आलम बादशहाकडून. त्या काळी 'दिल्ली कोणाची?' असं कुणी विचारलं असतं, तर उत्तर विचारणाऱ्यावर अवलंबून राहिलं असतं. कुवेतची स्थिती बरीचशी अशीच होती.

तुर्कांचं नाव कागदावर कसं आलं

कुवेतची वस्ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. उतूब नावाच्या अरब टोळीसमूहाची माणसं इथे येऊन स्थायिक झाली. त्या शतकाच्या मध्यापासून अल-सबाह घराण्याकडे कारभार आला आणि तो आजही त्यांच्याकडेच आहे. उत्तरेला बगदाद आणि बसरा हे ओटोमन तुर्कांचे प्रांत होते. तुर्की भाषेत प्रांताला 'विलायत' म्हणत. आपण इंग्लंडला विलायत म्हणायचो, तोच हा शब्द.

१८६९ ते १८७२ या काळात मिदहत पाशा हा धडाडीचा अधिकारी बगदादचा सुभेदार होता. १८७१ मध्ये त्याने अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावर, अल-हसा भागात, मोहीम काढली. कुवेतच्या शेखाने तिला जहाजं पुरवली. बदल्यात त्याला 'काइमकाम' ही तुर्की पदवी मिळाली. आपले 'कायम' आणि 'मुक्काम' हे शब्द या पदवीचे सख्खे नातलग आहेत. दुसऱ्याच्या जागी उभा राहून कारभार पाहणारा, असा तिचा अर्थ. ओटोमन कागदोपत्री काइमकाम म्हणजे साधारण तालुक्याचा प्रमुख, बसऱ्याच्या सुभ्याखालचा.

मात्र कुवेतमध्ये तुर्की शिबंदी आली नाही, तुर्की कर वसूल झाला नाही, तुर्की फौजेत कुवेती पोरांची भरतीही झाली नाही. जहाजांवर तुर्की निशाण फडकत होतं, एवढंच. शेखाला मान मिळाला. शिवाय त्याच्या घराण्याच्या खजुराच्या मोठ्या बागा शत्त-अल-अरब नदीकाठी फाओजवळ, म्हणजे निखळ तुर्की हद्दीत होत्या, त्या सुरक्षित राहिल्या. या बागांचं महत्त्व पुढे कळेल.

थोरला मुबारक

मे १८९६ मध्ये मुबारकने आपल्या दोन सावत्र भावांना, सत्तेवरच्या मुहम्मदला आणि त्याचा जोडीदार जर्राहला, ठार केलं आणि गादी बळकावली. हे सौम्य शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. आज ज्याच्या नावाने बंदर उभं राहत आहे, त्याची कारकीर्द भावांच्या खुनाने सुरू झाली. मारलेल्या भावांची मुलं बसऱ्याला पळाली. त्यांच्या नात्यातला यूसुफ अल-इब्राहिम हा धनाढ्य व्यापारी मुबारकचा जन्माचा वैरी झाला. तो तुर्की अधिकाऱ्यांचे कान भरत राहिला.

मुबारकला त्यामुळे दोन गोष्टी एकदम हव्या झाल्या. तुर्कांनी आपल्याला मान्यता द्यावी, आणि उद्या तुर्कांनी पुतण्यांची बाजू घेतलीच तर दुसरा कुणीतरी पाठीशी असावा. पहिली गोष्ट डिसेंबर १८९७ मध्ये झाली. सुलतानाने त्याला काइमकाम म्हणून मान्य केलं. दुसऱ्या गोष्टीसाठी त्याने आखाताच्या पलीकडच्या बुशहर बंदरातल्या इंग्रज रेसिडेंटकडे, म्हणजे इंग्रज सरकारच्या तिथल्या प्रतिनिधीकडे, निरोप धाडला. इंग्रजांनी आधी नकार दिला. कुवेतसारख्या गावासाठी तुर्कांशी वाकडं घ्यायचं त्यांना कारण दिसेना.

मग एक रेल्वे आडवी आली

कारण लवकरच दिसलं. १८९८ मध्ये काउंट कापनिस्ट या रशियन सरदाराने सुलतानाकडे भूमध्य समुद्रावरच्या त्रिपोलीपासून आखातापर्यंत रेल्वे बांधायची परवानगी मागितली. शेवटचं स्थानक कुवेत. जर्मन भांडवलदार आनातोलियात रेल्वे बांधतच होते. त्यांना ती बगदादमार्गे आखातापर्यंत न्यायची होती. तिचंही शेवटचं स्थानक कुवेतच्या उपसागरावर यावं, असं त्यांना वाटत होतं.

शेवटचं स्थानक म्हणजे धक्का, गोदाम, कोळशाचा साठा. ते सांभाळायला माणसं, आणि माणसांच्या रक्षणाला कधीतरी आरमार. इंग्रजांच्या मनातली भीती अशा पायऱ्यांनी चढत होती. मुंबई-कराचीच्या समुद्रवाटेवर दुसऱ्या बड्या सत्तेचा तळ पडणार, हे त्यांना सहन होणारं नव्हतं. आखातातलं इंग्रजी राजकारण लंडनपेक्षा हिंदुस्थान सरकारच्या हातात जास्त होतं. बुशहरची रेसिडेन्सी १८७३ पर्यंत तर मुंबई सरकारच्याच अखत्यारीत होती. जानेवारी १८९९ मध्ये लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय झाला. आखात हे हिंदुस्थानचं अंगण आहे आणि तिथे परक्याला पाय ठेवू द्यायचा नाही, या मताचा तो माणूस.

पंधरा हजार रुपयांचा कागद

२३ जानेवारी १८९९. बुशहरचा रेसिडेंट कर्नल मीड गुपचूप कुवेतला आला. शेख मुबारकने कागदावर सही केली. मजकूर थोडका होता. आपण आणि आपले वारस इंग्रज सरकारच्या संमतीशिवाय दुसऱ्या कोणत्याही राष्ट्राचा वकील ठेवून घेणार नाही. तसंच आपल्या मुलखाचा कोणताही तुकडा दुसऱ्या राष्ट्राला किंवा त्याच्या प्रजेला देणार, विकणार, भाड्याने लावणार किंवा गहाण ठेवणार नाही. बदल्यात इंग्रजांनी पंधरा हजार रुपये आणि 'आमचा स्नेह तुमच्या पाठीशी राहील' अशा अर्थाचं पत्र दिलं. कागद गुप्त ठेवायचा, हेही ठरलं.

जागेच्या व्यवहारात मुरलेला कुणीही सांगेल की हा नोंदणी न केलेला करारनामा आहे. मालकाच्या रकान्याला त्याने हात लावला नाही. मालकाला, म्हणजे सुलतानाला, कळवलंही नाही. ज्याच्या हातात घराची किल्ली आहे त्याच्याकडून फक्त लिहून घेतलं, की आम्हाला विचारल्याशिवाय इथे दुसरं बिऱ्हाड येणार नाही. विसार पंधरा हजार.

आता बारकाईने पाहा. हा करार कायदेशीर असायचा तर मुबारकला तो करायचा अधिकार हवा, म्हणजे तो तुर्कांचा तालुकाप्रमुख असता कामा नये. मग इंग्रजांनी त्याला स्वतंत्र राजा म्हणून जाहीर केलं का? नाही. रक्षणाची स्पष्ट हमी दिली का? तीही नाही. तरी करार पक्का धरायचा, असं त्यांचं धोरण. माझ्या मते पुढच्या सगळ्या गुंत्याची गाठ इथे बसली. मुद्दा अर्धवट सोडला गेला तो नजरचुकीने नव्हे, विचार करून.

करार लगेच कामाला आला. १९०० च्या सुरुवातीला जर्मन वकील श्टेमरिख रेल्वेसाठी जागा पाहायला कुवेतला पोहोचला, आणि मुबारकने त्याला जागा नाकारली.

तुर्कांनी सरळ फौज का घातली नाही?

घालायचा प्रयत्न केला. १९०१ साल मुबारकला फार वाईट गेलं. अरबस्तानच्या आतल्या भागातला इब्न रशीद हा तुर्कांचा मित्र. मुबारक त्याच्यावर चालून गेला आणि मार्चमध्ये सरीफच्या लढाईत त्याचा दारुण पराभव झाला. कुवेत उघडं पडलं. तुर्कांना ही संधी वाटली.

ऑगस्टमध्ये 'झुहाफ' नावाची तुर्की युद्धनौका सैनिक घेऊन कुवेतसमोर आली. तिथे 'पर्सियस' ही इंग्रज युद्धनौका आधीच उभी होती. तिच्या कप्तानाने सैनिक उतरू दिले नाहीत. विचार करा, सुलतानाचं जहाज, त्याच्याच कागदोपत्री तालुक्यात, आणि आडवं कोण आलं, तर परकं आरमार. सप्टेंबरमध्ये दोन्ही राजधान्यांत बोलणी होऊन 'जैसे थे' ठरलं: तुर्कांनी सैन्य पाठवायचं नाही, इंग्रजांनी कुवेत आपल्या संरक्षणाखाली घ्यायचं नाही.

डिसेंबरमध्ये 'झुहाफ' पुन्हा आली. या खेपेला तिच्यावर बसऱ्याचा नकीब, म्हणजे तिथला मोठा धार्मिक प्रतिष्ठित, निर्वाणीचा निरोप घेऊन आला होता. तुर्की शिबंदी ठेवून घे, नाहीतर कुवेत सोड. इंग्रज जहाजांच्या जोरावर मुबारकने दोन्ही नाकारलं. त्याच महिन्यात रशियाची 'वर्याग' ही क्रूझरही कुवेतला येऊन गेली. पस्तीस हजारांच्या गावासमोर तीन साम्राज्यांची निशाणं एका महिन्यात फडकून गेली.

शहर मिळेना, तेव्हा तुर्कांनी १९०२ च्या सुरुवातीला भोवतीच्या जागा धरल्या. सफवान, उम्म कस्र आणि बुबियान बेट इथे त्यांची छोटी ठाणी बसली. आजच्या वादातली नावं हीच आहेत. उम्म कस्र हे आता इराकचं महत्त्वाचं बंदर आहे आणि तिथे जायची वाट बुबियानला वळसा घालून खोर अब्दुल्लातूनच जाते.

आणि इंग्रजांनी उघड ताबा का घेतला नाही?

कर्झनचा कल तिकडेच होता. लंडनचा नव्हता. ऑक्टोबर १८९९ पासून दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं होतं, सैन्य आणि पैसा तिकडे जात होता. शिवाय तुर्की साम्राज्याचा एक लचका इंग्लंडने उघडपणे तोडला, तर रशिया, फ्रान्स, जर्मनी आपापले लचके तोडायला मोकळे. इस्तंबूलमधल्या इंग्रज राजदूताला सुलतानाशी रोज बोलायचं असे. त्याला हा विषय नकोसा होता. म्हणजे कलकत्त्याचं मत एक, लंडनचं दुसरं, इस्तंबूलच्या वकिलातीचं तिसरं. एकाच साम्राज्याच्या तीन कचेऱ्या कुवेतकडे तीन चष्म्यांतून पाहत होत्या.

ताबा घेतला नाही, पण इशारा दिला. ५ मे १९०३ रोजी परराष्ट्रमंत्री लॉर्ड लॅन्सडाउनने उमरावांच्या सभागृहात जाहीर केलं, की आखातात दुसऱ्या कुणी आरमारी तळ किंवा तटबंदीचं बंदर उभारलं, तर इंग्लंड ते सर्व शक्तीनिशी रोखेल. त्याच वर्षाच्या अखेरीस कर्झन युद्धनौकांचा ताफा घेऊन आखाताच्या दौऱ्यावर आला. कुवेतमध्ये मुबारकने त्याच्यासाठी मुंबईहून घोडागाडी मागवून ठेवली होती. १९०४ मध्ये कॅप्टन नॉक्स हा पहिला इंग्रज राजकीय प्रतिनिधी कुवेतला राहायला आला. १९०७ मध्ये शुवैख बंदराजवळची जमीन इंग्रजांनी वार्षिक ६०,००० रुपये भाड्याने घेतली. हाही करार गुप्त, आणि हेतू तोच: जर्मन रेल्वेला धक्का मिळू नये.

हे सगळं तेलासाठीच ना?

नाही. ही चूक फार जण करतात, कारण आज कुवेत म्हटलं की तेलच आठवतं. कुवेतमधल्या बुर्गानच्या वाळूखाली तेल सापडलं ते १९३८ मध्ये, आणि पहिला साठा परदेशी गेला १९४६ मध्ये. ऑक्टोबर १९१३ मध्ये इंग्रजांनी मुबारककडून तेलाबद्दलही लिहून घेतलं होतं, हे खरं. पण तोवर मूळ झगड्याला चौदा वर्षं झाली होती. त्या झगड्यात रेल्वे होती, समुद्रवाट होती आणि मुंबईच्या दारापर्यंत कोण पोहोचेल याची धास्ती होती.

मुबारक इंग्रजांचा हस्तक होता का?

असा आरोप अजूनही होतो. मला तो पटत नाही. प्यादं चालवणारा पटाबाहेर असतो. इथे मुबारक स्वतः चाली रचत होता. इंग्रजांचा कागद खिशात असताना तो तुर्की निशाण उतरवत नव्हता. सुलतानाला निष्ठेची पत्रं लिहीत होता. बसऱ्याच्या अधिकाऱ्यांना नजराणे जात होते.

यामागे त्या फाओच्या बागा होत्या. वाळवंटातल्या राजाचं ठोस उत्पन्न होतं ते तिथे, आणि त्या तुर्की न्यायालयांच्या, तुर्की दस्तऐवजांच्या कक्षेत. त्याने त्या भागात आणखी जमीन घेतली तेव्हा बसऱ्याच्या अधिकाऱ्यांनी नोंदणीसाठी अट घातली: आधी तू ओटोमन प्रजा असल्याचं मान्य कर. तसं लिहून दिलं तर कुवेतचं राज्य धोक्यात, नाही दिलं तर जमीन धोक्यात. बांधावरच्या भांडणात गाव सोडून गेलेल्या भावकीला तलाठ्याच्या कचेरीत कसं अडकवतात, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मुबारकची कोंडी समजेल.

त्याचा डाव एवढ्यावर थांबत नव्हता. रियाधहून परागंदा झालेलं सौद घराणं त्याच्याच आश्रयाला कुवेतमध्ये होतं. तिथला तरुण अब्दुल अझीझ इब्न सौद १९०१ मध्ये कुवेतहून निघाला आणि १९०२ च्या जानेवारीत त्याने रियाध परत जिंकलं. पुढचा सौदी अरेबिया त्यातून उभा राहिला.

१९१३: दोन वर्तुळांचा करार

शेवटी दोन्ही साम्राज्यं कागद करायला बसली. २९ जुलै १९१३ रोजी लंडनमध्ये इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे आणि तुर्कांचे प्रतिनिधी इब्राहिम हक्की पाशा यांनी सह्या केल्या. त्यात कुवेतचं वर्णन आहे: ओटोमन साम्राज्याचा 'स्वायत्त कझा'. कझा म्हणजे तालुका. स्वायत्त म्हणजे आतल्या कारभारात तुर्कांनी लुडबूड करायची नाही. शेखाने तुर्की निशाण लावायचं, हवं तर त्यावर 'कुवेत' लिहायचं. १८९९ चा गुप्त करार तुर्कांनी मान्य केला.

नकाशावर दोन रेघा आखल्या. कुवेत शहर मध्याशी धरून सुमारे ४० मैल त्रिज्येचं लाल वर्तुळ, त्याच्या आत शेखाचा पूर्ण अंमल. बुबियान आणि वर्बा ही बेटं याच वाट्यात आली. त्याबाहेर हिरवी रेघ, तिच्या आतल्या टोळ्या शेखाला मानतात आणि त्यांच्याकडून तो कर घेऊ शकतो.

मुबारकला हे बोलणं चालू असताना कुणी विचारलं नव्हतं. चौदा वर्षं इंग्रजांशी इमान राखलं, आणि कागदावर पुन्हा तुर्कांचा तालुका. त्याला ते लागलं. कुणालाही लागलं असतं.

पण या कागदाला अंतिम मंजुरी मिळालीच नाही. वर्षभरात महायुद्ध सुरू झालं आणि तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरलं. ३ नोव्हेंबर १९१४ रोजी इंग्रजांनी मुबारकला पत्र दिलं, त्यात ते शब्द अखेर आले: ब्रिटिश संरक्षणाखालचं स्वतंत्र राज्य. बदल्यात मुबारकने सफवान, उम्म कस्र, बुबियान इथली तुर्की ठाणी उठवायची आणि बसरा घ्यायला मदत करायची. फाओच्या बागांची हमीही त्या व्यवहारात होती.

तीन दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, फाओला हिंदी फौज उतरली. ती सहाव्या पुणे डिव्हिजनची आघाडी होती आणि तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. याच डिव्हिजनला पुढे तुर्कांनी तैग्रिस नदीकाठी कूत-अल-अमारा इथे वेढलं. एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीने तिला शरण जावं लागलं. वेढ्यात १०३ आणि ११० या मराठा पलटणींची माणसं होती. मघाचा 'कूत' शब्द तो हाच. सातारा-रत्नागिरीकडच्या गावांतून गेलेले अनेक शिपाई त्या गढीतून परत आले नाहीत. आखाताचा हा इतिहास शिकवताना त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मुबारक १९१५ च्या नोव्हेंबरात वारला.

मग इराकचा दावा बरोबर होता का?

आता या सगळ्याचा हिशेब. महायुद्धानंतर तुर्की साम्राज्य मोडलं. बगदाद, बसरा, मोसुल या प्रांतांतून इराक नावाचं नवं राज्य बनलं. १९२२ मध्ये उकैर इथे इराकमधला इंग्रज उच्चायुक्त सर पर्सी कॉक्स याने सीमा आखल्या, त्यात कुवेतने हक्क सांगितलेल्या मुलखापैकी जवळजवळ दोन तृतीयांश भाग इब्न सौदला गेला. उत्तरेकडे इराकशी सीमा म्हणून कॉक्सने १९२३ मध्ये १९१३ ची हिरवी रेघच मानली. म्हणजे ज्या करारावर शिक्कामोर्तब झालंच नाही त्यातली रेघ खऱ्या देशांची हद्द झाली.

१९ जून १९६१ रोजी १८९९ चा करार संपवून कुवेत पूर्ण स्वतंत्र झालं. सहा दिवसांत इराकचा पंतप्रधान अब्दुल करीम कासिम म्हणाला, की कुवेत हा बसऱ्याचा भाग आहे. इंग्रज सैन्य धावलं, मग अरब लीगचं आलं. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे कुवेतला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व १९६३ पर्यंत मिळालं नाही. २ ऑगस्ट १९९० ला सद्दामने फौजा घातल्या आणि त्याच महिन्यात कुवेतला इराकचा एकोणिसावा प्रांत म्हटलं. इराण युद्धाचं कर्ज आणि तेलाच्या भावाचं भांडण ही तात्कालिक कारणं, पण समर्थनासाठी बाहेर काढला तो बसऱ्याचा जुना दाखला. तेव्हा अम्मानमार्गे विमानांनी मुंबईला आणलेल्या पावणेदोन लाखांच्या घरातल्या भारतीयांना या दाखल्याबद्दल काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांची घरं, नोकऱ्या, बचत मात्र त्यापायी गेली.

इराकचा युक्तिवाद असा: कुवेत ओटोमन बसऱ्याखाली होतं, बसरा आमच्याकडे आला, म्हणून कुवेतही आमचं. पहिला भाग कागदापुरता खरा आहे, हे प्रामाणिकपणे मानायला हवं. काइमकाम ही पदवी खोटी नव्हती. पण त्या नावाखाली तुर्कांनी कुवेतवर कधी राज्य केलं नाही. ज्या १९१३ च्या कागदात 'कझा' लिहिलं आहे, त्यातच 'स्वायत्त' हा शब्द आहे आणि सीमाही आहे. आपल्याला हवा तो शब्द उचलून उरलेलं पान फाडता येत नाही. तुर्कस्तानने १९२३ च्या लोझान तहात आपल्या सीमेबाहेरच्या मुलखावरचे हक्क सोडले. इराकचे पंतप्रधान नूरी अल-सईद यांनी १९३२ मध्ये पत्राने ही सीमा मानली, १९६३ मध्ये इराकने कुवेतचं स्वातंत्र्य मानलं. स्वतः दोनदा सही केल्यावर पणजोबांच्या उताऱ्यावर घर मागणं मला अमान्य आहे.

इराकची एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती कुवेतच्या बाजूने बोलणारे पटकन झटकून टाकतात. एवढ्या मोठ्या देशाला समुद्रकिनारा जेमतेम ५८ किलोमीटरचा आहे. उम्म कस्रला जाणारं प्रत्येक जहाज बुबियानच्या कडेने जातं. बेटं कुवेतच्या वाट्यात आली ती १९१३ च्या नकाशावर, आणि तिथे ना बसऱ्याच्या खलाशाला कुणी विचारलं होतं, ना कुवेतच्या.

आज नेमकं कुठे अडलं आहे

१९९१ च्या युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी आयोग नेमून हद्द प्रत्यक्ष मोजली. जमिनीवर खांब रोवले, खाडीत मध्यरेषा ठरवली. सुरक्षा परिषदेने १९९३ च्या ठराव क्रमांक ८३३ ने ती कायम केली आणि पुढच्या वर्षी सद्दामच्या इराकनेही ती मान्य केली. म्हणून २०२३ च्या निकालाने हद्द बदलली नाही. अडचणीत आला तो वाहतुकीचा करार: जहाजांना वाट कोण दाखवणार, खाडीतला गाळ कोण उपसणार, निशाण कोणाचं लावायचं.

मोजलेली रेघ खोर अब्दुल्लात १६२ क्रमांकाच्या बिंदूशी थांबते. त्यापुढच्या समुद्राची वाटणी अजून व्हायची आहे. बुबियानच्या बाजूला मुबारकच्या नावाचं बंदर उभं राहत आहे. समोर इराक आपलं मोठं बंदर बांधतो आहे फाओला, जिथे एकेकाळी मुबारकच्या खजुराच्या बागा होत्या.